दुकानांच्या मागची शाळा

बाजाराला गेलं की आपण दुकानं बघतो, इमारत कुठे बघतो? काल जिथे किराणा होता तिथे आज मोबाईलचं दुकान असतं, उद्या पार्लर येतं. पाटी बदलते, भिंती त्याच राहतात. आज आम्ही तुम्हाला पुण्यातल्या अशाच एका इमारतीची गोष्ट सांगणार आहोत. बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या देवळासमोर, ऐन वर्दळीच्या रस्त्यावर ती उभी होती. तिचं नाव भिडेवाडा.

हा वाडा तात्यासाहेब भिडे यांचा. १८४८ साली त्यांनी वाड्यातली जागा एका कामासाठी दिली. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंचा जन्म १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. म्हणजे शाळा सुरू झाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या लेकी आज त्या वयाच्या आहेत. वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं न्यायच्या, असं सांगितलं जातं.

शाळा या वाड्यात फार काळ राहिली नाही. सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढलं, शाळा बंद पडली. पण दोघांनी काम सोडलं नाही. १८५१मध्ये बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात आणि मग रास्ता पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. १८५२मध्ये वेताळ पेठेत आणखी एक निघाली.

इकडे भिडेवाड्याचं काय झालं? जे बाजारपेठेतल्या घरांचं होतं तेच. पूर्वी वाड्यात माणसं राहायची. रस्त्यावरची वर्दळ वाढली, तशी दर्शनी भागाला किंमत आली. तळमजल्यावर गाळे झाले, छोटी-मोठी दुकानं आली. मालकी पुढे दुसऱ्यांकडे गेली. समोर पाट्या लागल्या, माल टांगला गेला आणि मागचा वाडा खचत राहिला.

जुने वाडे असे का खचतात, तेही समजून घेऊ. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आधार दिला. त्याला सहज काढता येईना आणि भाडंही फारसं वाढवता येईना. गरीब भाडेकरूचं डोकं झाकलं, ते चांगलंच झालं. पण मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, दुसऱ्याच्या घरावर मी का खर्च करू? दोघांच्या मध्ये छप्पर गळत राहायचं.

मुलींची शाळा जिथे भरली त्या जागेचं स्मारक व्हावं, ही मागणी अनेक वर्षं चालली होती. महापालिकेने जागा ताब्यात घ्यायचं ठरवलं, तेव्हा मालक आणि दुकानदार कोर्टात गेले. त्यांना नुसतं वाईट म्हणून चालणार नाही. ज्याचं पोट गाळ्यावर आहे, तो गाळा सोडताना भांडणारच. खटला दहा वर्षांहून जास्त चालला. अखेर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबरमध्ये एका रात्री पोलीस बंदोबस्तात वाडा पाडण्यात आला. तोवर तो इतका मोडकळीला आला होता की जपण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तिथे स्मारक बांधायचं ठरलं.

या गोष्टीत आम्हाला एक खटकतं. मालकाचं नाव कागदावर असतं. भाडेकरूकडे पावती असते. पण शाळा मागून घेतलेल्या जागेत भरली होती. शिकवणाऱ्या बाईचा आणि शिकणाऱ्या मुलींचा त्या जागेवर कागदाचा हक्क काहीच नव्हता. लोकांनी बोलून, लिहून ती आठवण धरून ठेवली, म्हणून तर मागणी उभी राहिली.

आपल्या गावातही पहिली बालवाडी कुणाच्या तरी पडवीत भरली असेल. बचत गटाची पहिली बैठक कुणाच्या ओसरीवर झाली असेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये त्या घराचा मालक सापडेल, पण तिथे कोणी शिकवलं, कोण शिकलं, ते सापडणार नाही. म्हणून एक काम करू या. पुढच्या बैठकीला गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजींना बोलवा. बाजारपेठेतल्या एकेका घराविषयी विचारा: इथे आधी काय होतं? त्याच्याही आधी? आणि त्या सांगतील ते गटाच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा.