हजेरीपटापासून प्रश्नावलीपर्यंत

अकोला–मंगरूळपीर आणि मालेगाव–कारंजा हे रस्ते वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला एकमेकांना छेदतात. सकाळी या चौकात पाठीला दप्तर लावलेली कॉलेजची पोरं-पोरी एसटीची वाट बघत उभी असतात. कुणी मंगरूळपीरला जाणार, कुणी वाशीमला. पोरगं कॉलेजात किती रमतं, हे मोजायचं तर सुरुवात या चौकातूनच व्हायला हवी.

एके काळी वऱ्हाडातल्या मुलाला पदवीसाठी नागपूरचं हिस्लॉप (१८८३) किंवा मॉरिस (१८८५) कॉलेज गाठावं लागे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं आणि अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं. अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ मिळायला मात्र १ मे १९८३ उजाडला. या सगळ्या काळात विद्यार्थ्याची पारख दोनच कागदांवर होई: हजेरीपट आणि निकालपत्रक. पेरणीत किंवा सोंगणीत पोरगा चार दिवस आला नाही, तर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढंच पडे. कारणाला रकाना नव्हता.

विद्यार्थी कॉलेजात किती रमतो, या प्रश्नाचा विचार अमेरिकेत वेगळ्या अंगाने झाला. रॉबर्ट पेस यांनी १९७९ साली विद्यार्थ्यांच्या अनुभवांची प्रश्नावली तयार केली. विद्यार्थी शिक्षणात स्वतःचा वेळ आणि शक्ती किती ओततो यावर त्याचं शिकणं ठरतं, अशी मांडणी ॲलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली केली. पुढे २००० साली जॉर्ज कूह यांच्या नेतृत्वाखाली इंडियाना विद्यापीठातून देशव्यापी पाहणी सुरू झाली. पहिल्याच वर्षी २७६ संस्था त्यात उतरल्या. वर्गात प्रश्न कितीदा विचारता? आठवड्याचे किती तास अभ्यासात जातात, किती पगारी कामात, किती घरच्यांची काळजी घेण्यात आणि किती जाण्यायेण्यात? असं त्यात विचारलं जातं.

आपल्याकडे १९९४ साली कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, म्हणजे नॅक, स्थापन झाली. २०१७च्या सुधारित मूल्यांकनात तिने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. कॉलेजने दिलेल्या ई-मेलवर मुलांना दुवा येतो. अभ्यासक्रम वर्गात किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, दिलेल्या कामाचा पाठपुरावा मार्गदर्शक करतात का, असे वीस प्रश्न. शेवटच्या एकविसाव्यात मूल आपल्या शब्दांत सूचना लिहू शकतं. शिक्षकाविषयी मुलाला अधिकृतपणे बोलता येणं, ही मोठीच गोष्ट झाली.

पण हे मोजमाप समाधानाचं आहे. मुलाचा दिवस कुठे खर्ची पडतो, हे त्यातून कळत नाही. २०१८ साली वाशीमचं नाव देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आलं. अशा जिल्ह्यात तर प्रवासाचे आणि शेतकामाचे तास हाच अभ्यासातला मोठा अडसर असतो.

म्हणून जिल्ह्यातल्या प्राचार्यांना एक विनंती. आपल्या अभिप्राय अर्जात यंदा दोन प्रश्न वाढवा: घरून कॉलेजात पोचायला किती वेळ लागतो, आणि आठवड्यातले किती तास शेतात किंवा दुकानात जातात? उत्तरं हाती आली की वेळापत्रक एसटीच्या वेळांशेजारी ठेवून बघा.