आपल्या ओट्याची पणजी

कमिटीतल्या काकांनी मला सांगितलं होतं, "गृहसजावटीच्या चार युक्त्या लिहून दे, बायकांना उपयोगी पडतील." आपल्या तिन्ही विंगमध्ये इंटिरिअर डिझाइन शिकणारी मी एकटीच, त्यामुळे सुटका नव्हती. पण पडद्यांचे रंग आणि फॉल्स सीलिंग यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्याऐवजी आमच्या अभ्यासातला इतिहासाचा एक तुकडा लिहिते. तो स्वयंपाकघराचा आहे, म्हणजे काकांची अटही अर्धी पाळली जाईल.

आमच्या विषयाचा इतिहास बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एल्सी डी वुल्फ या बाईंपासून सुरू होतो. मूळच्या नटी. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत तेव्हा काळपट लाकूड, जाडजूड मखमली पडदे आणि सामानाची खचाखच गर्दी असायची. ती काढून त्यांनी उजेड, फिके रंग आणि फुलाफुलांचं सुती कापड आणलं. १९०७ साली उघडलेल्या कॉलनी क्लबच्या सजावटीने त्यांचं नाव झालं आणि घर सजवणं हा पैसे घेऊन करायचा स्वतंत्र व्यवसाय ठरला. पण त्यांची गिऱ्हाइकं पैसेवाली. आपल्यासारख्या वन बीएचके, टू बीएचकेवाल्यांच्या कामाची बाई मला नंतरच्या धड्यात भेटली.

तिचं नाव मार्गारेटे लिहोट्स्की. जन्म व्हिएन्नाचा, १८९७ सालचा. तिथल्या कला आणि हस्तव्यवसाय शाळेत वास्तुकला शिकणारी ती पहिली मुलगी. १९१७ मध्ये कामगारांच्या घरांचे नकाशे काढायची स्पर्धा लागली. तिचे शिक्षक ऑस्कर स्ट्रनाड यांनी तिला बजावलं की कागदावर रेघ मारायच्या आधी कामगार वस्तीत जा आणि ती माणसं राहतात कशी ते बघून ये. ती गेली. एकेका खोलीत सात-आठ माणसं कोंबलेली पाहिली. मग नकाशा काढला आणि बक्षीसही मिळवलं. आमच्या मॅडम आम्हाला आधी टेप घेऊन लोकांच्या घरी पाठवतात, त्याचं मूळ मला इथे सापडलं. (मागच्या दिवाळीत मी तुमच्याकडे ओटे मोजायला आले होते, ते याच कामासाठी.)

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांचा भयंकर तुटवडा होता. फ्रँकफर्ट शहराने १९२५ पासून एर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराच्या हाताखाली हजारो परवडणारी घरं बांधायला घेतली. त्यांनी १९२६ मध्ये लिहोट्स्कीला बोलावून घेतलं. घरं लहान, पैसा कमी. तोवर तिथल्या गरीब घरांत एकाच खोलीत शिजवणं, जेवणं, आंघोळ आणि कोणाचं तरी झोपणंही चालायचं. तिने स्वयंपाकाची जागा वेगळी काढली. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या फुटांत सव्वासहा बाय अकरा!

एवढ्याशा जागेत काय काय बसवलं ते ऐका. खिडकीखाली कामाचं टेबल, म्हणजे उजेड थेट हातावर. टेबलातच कचरा लोटायची खाच आणि खाली काढता येणारं भांडं. बसून भाजी चिरता यावी म्हणून फिरतं स्टूल. भिंतीवरून खाली पडणारी इस्त्रीची फळी. छताला पट्टीवर सरकणारा दिवा. तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकावर नाव कोरलेलं, पुढे चोच. खण उचलायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं. पीठ मात्र ओक लाकडाच्या खणात, कारण त्या लाकडाला कीड लागत नाही. फळ्यांना निळसर हिरवा रंग, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. बैठकीकडे सरकतं दार, म्हणजे आईला शेजारच्या खोलीतलं पोर दिसावं.

ही जमवाजमव तिने मनाने केली नाही. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या पुस्तकात गृहिणीच्या पावलांचा हिशोब मांडला होता. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात तशा घरात का नाही मोजायच्या, असा त्यांचा सवाल. त्याचा जर्मन अनुवाद लिहोट्स्कीने वाचलेला होता. शिवाय आगगाडीच्या डायनिंग कारमधलं इवलंसं स्वयंपाकघर तिने डोळ्यासमोर ठेवलं. घड्याळ लावून कामांचे वेळ घेतले. आणि गंमत म्हणजे बाईंना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता! तसं त्यांनीच पुढे सांगून टाकलं. आधी आईच्या हातचं, नंतर खाणावळीत. माझ्या आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणूनच एवढी शिस्त सुचली."

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसली. खर्च घरभाड्यातच धरलेला. ओटा, सिंक, कपाटं एकाच मापात, एकाच ओळीत. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणून दुप्पट पैसे मोजतो त्याची ही पणजी.

त्याच दशकात आपल्या मुंबईतही कामगारांसाठी सरकारी बांधकाम चाललं होतं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळी. तिथे सुमारे १६० चौरस फुटांची एकच खोली, संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. त्यातच कोपऱ्यात स्टोव्ह, बाई खाली बसलेली, विळी पायाखाली. तिच्या पावलांचा किंवा गुडघ्यांचा हिशोब कोणी मांडला नाही. आपल्यातल्या काही आजी तशाच चाळींतून इथे आल्या आहेत, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

पण फ्रँकफर्टलाही सगळं गोड नव्हतं, आणि मला यातलं हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. भाडेकरू कुरकुरले. खालचे खण लहान मुलांच्या हाताला येत. जुनं फडताळ किंवा टेबल ठेवायला जागा नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे एकच माणूस उभं राहू शकतं. दुसऱ्याने मदत करायची म्हटली तरी कोपराला कोपर लागतं. पावलं वाचली, पण बाई एकटी पडली. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमकं यावर बोट ठेवलं. लिहोट्स्कीचा हेतू चांगला होता: काम लवकर उरकावं, बाईला वाचायला, नोकरीला वेळ मिळावा. पण नकाशात एकाच माणसाची जागा काढली की ते माणूस कोण, हे घरात आपोआप ठरतं. हे मी परीक्षेतही लिहिलं आणि इथेही लिहिते.

यावर दुसरी वाट फ्रान्सच्या शार्लोट पेरियां यांनी दाखवली. १९२७ मध्ये त्या ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम मागायला गेल्या, तेव्हा "इथे आम्ही उशांवर भरतकाम करत नाही" असं ऐकवून त्यांनी बाईंना वाटेला लावलं. थोड्याच दिवसांत बाईंचं प्रदर्शनातलं काम पाहिलं आणि मुकाट्याने बोलावून घेतलं. पुढे मार्सेलच्या, १९५२ मध्ये पुऱ्या झालेल्या मोठ्या इमारतीसाठी पेरियांनी बैठकीकडे उघडं असलेलं स्वयंपाकघर आखलं, म्हणजे शिजवणारी व्यक्ती गप्पांतून बाहेर पडणार नाही. सध्या आपल्याकडे स्वयंपाकघराची भिंत पाडून ओपन किचन करायची जी टूम आहे, तिच्या मागे ही बाई आहे. (भिंत पाडण्याआधी कमिटीची परवानगी घ्या. सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा नको.)

लिहोट्स्कीचं पुढचं आयुष्य तर कादंबरीसारखं आहे. १९३० मध्ये ती सोव्हिएत रशियात गेली, तिथून पुढे इस्तंबूलला. हिटलरविरोधी भूमिगत चळवळीच्या कामासाठी व्हिएन्नाला परतली आणि जानेवारी १९४१ मध्ये गेस्टापोने तिला पकडलं. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९४५ मध्ये अमेरिकन फौजांनी सोडवलं म्हणून वाचली. नंतर कम्युनिस्ट म्हणून तिला स्वतःच्या शहरात सरकारी कामं फारशी मिळाली नाहीत. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वाल्डहाइम यांच्या हातून सन्मान घ्यायला तिने नकार दिला, कारण त्यांचा नाझी काळातला इतिहास. शंभराव्या वाढदिवसाला व्हिएन्नाच्या महापौरांबरोबर वॉल्ट्झ नाचली. आणि लोक त्या स्वयंपाकघराखेरीज दुसरं काही विचारतच नाहीत म्हणून शेवटी शेवटी वैतागलेलीही असे. जानेवारी २००० मध्ये, १०३ वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस कमी असताना ती गेली.

तिची बरीचशी स्वयंपाकघरं नंतरच्या लोकांनी उखडून टाकली. एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जपलं आहे. फ्रँकफर्टच्या र‍्योमरस्टाट वस्तीत एर्न्स्ट माय यांच्या नावाने एक घर जसंच्या तसं ठेवलं आहे, त्यातही ते बघता येतं. ज्यांची मुलं-सुना तिकडे नोकरीला आहेत त्यांनी पुढच्या फेरीत जरूर जावं, आणि जमलं तर तिथला ओटा किती उंच आहे ते मोजून मला कळवावं. आपल्याकडचे मी मोजलेले बहुतेक तेहतीस इंचांचे निघाले. माझी आजी चार फूट नऊ इंच आहे आणि पोळ्या लाटताना अजून पाटावर उभी राहते.