किण्वनसमाप्ती

किण्वनसमाप्ती : आंबवलेल्या द्रवातील, यीस्टला पचविता येण्याजोगी शर्करा संपुष्टात येऊन अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांची निर्मिती थांबते ती अवस्था. घरगुती पात्रात केलेल्या बिअरच्या बाबतीत ही अवस्था ओळखणे हे सबंध कृतीतील सर्वांत जबाबदारीचे काम होय. कोल्हापुरात मात्र घरी बिअर करण्यास कायद्याची आडकाठी आहे : कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा अंमल या मुलखावरही बसला. त्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे, मग ते स्वतःच्या घरी व स्वतःपुरते का असेना, गुन्हा ठरते. त्यामुळे कोल्हापूरकरांना हा विषय परिचित आहे तो साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून आणि स्वयंपाकघरातील आंबिलीतून.

पात्राच्या झाकणावरील नळीतून बुडबुडे येईनासे झाले की किण्वन संपले, ही समजूत सार्वत्रिक असली तरी ग्राह्य धरण्याजोगी नाही. झाकण किंचित सैल असेल तर वायू भलत्याच वाटेने निघून जातो आणि यीस्ट कार्यमग्न असतानाही नळी निश्चल राहते. उलट काम आटोपलेले असता दुपारच्या उष्म्याने द्रव तापला, तर त्यात विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे नव्याने दिसू लागतात. फेस बसणे, गाळ साचणे, द्रव निवळणे ही लक्षणेही अशीच दुय्यम पुराव्याची आहेत.

खरा दाखला विशिष्ट गुरुत्वाचा. शर्करेमुळे पाण्याहून जड असलेला यवरस, शर्करा घटून पाण्याहून हलके अल्कोहॉल निर्माण होत जाते तसा हलका होत जातो. आरंभी सुमारे १.०५० असलेले घनतामापकाचे वाचन सामान्य बिअरमध्ये १.००८ ते १.०१४ च्या दरम्यान येऊन थांबते. परंतु कोठे थांबावे हा आकडा आधी ठरवून देता येत नाही, कारण यवाचा प्रकार, तो शिजविताना राखलेले तापमान आणि यीस्टची जात यांनुसार न आंबणारा अंश कमीजास्त उरतो. म्हणून वाचन किती आले यापेक्षा ते बदलावयाचे थांबले की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी तंतोतंत जुळल्या म्हणजेच समाप्ती मानावी. जुळलेले वाचन अपेक्षेहून फार वर असेल, तर यीस्ट थंडीने वा अन्य कारणाने मध्येच थबकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी थोडा नमुना बाजूला काढून, त्यात भरपूर ताजे यीस्ट घालून उबेत ठेवावा. तो जेथवर उतरतो तीच मुख्य द्रवाचीही अखेरची मर्यादा समजावी. नोंदीच्या वेळचे तापमान समान असणेही आवश्यक आहे : २०° से. तापमानासाठी आखलेला घनतामापक ३०° से. च्या द्रवात सुमारे ०.००२५ ने कमी वाचन दाखवितो, आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पहाटे व दुपारी घेतलेल्या नोंदींत एवढा फरक सहज पडेल. नमुन्यातील वायूही ढवळून घालवून द्यावा, नाहीतर मापकाला चिकटलेले बुडबुडे त्यास वर उचलतात. वाचन स्थिरावूनही लोण्यासारखा वास येत असेल तर आणखी काही दिवस थांबणे श्रेयस्कर. तो वास डायअसिटिलाचा असून यीस्टच त्याचे निवारण करते.

कोल्हापूर जिल्ह्यातील आसवन्यांत उसाच्या मळीवर हेच तत्त्व अधिक ठळकपणे प्रत्ययास येते. पाणी घालून सुमारे १.०८ वर आणलेली मळी ३०° से. च्या किंचित वरच्या तापमानात एक-दीड दिवसात आंबून जाते. तथापि मळीतील क्षार व इतर न आंबणारे पदार्थ मागे राहत असल्याने वाचन बिअरप्रमाणे खाली न येता १.०३ ते १.०४ च्या आसपासच थबकते, आणि उरलेल्या शर्करेची रासायनिक परीक्षा त्यास जोडावी लागते.

आंबिलीचा न्याय वेगळा. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ रात्रभर आंबत ठेवतात तेव्हा तेथे दुग्धाम्ल जिवाणूंचे प्राबल्य असते. गुरुत्वात लक्षणीय उतार नसल्याने घनतामापक निरुपयोगी, आणि वासाचा व चवीचा निर्णय हाच प्रमाण ठरतो. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यात्रेहून भाविक परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकामंदिराची आंबील यात्रा भरते, त्या नैवेद्यासाठी आंबट किती व्हावे याचा अंदाज घरची अनुभवी स्त्री घेते, आणि तो आदराने नमूद करण्याजोगा आहे. पीठ शिजविले की किण्वन तेथेच थांबते.

बिअर मात्र शिजवून थांबविता येत नाही. बाटलीत कोंडलेली उरली-सुरली शर्करा आंबतच राहते. विशिष्ट गुरुत्व ०.००१ ने उतरताना लिटरमागे सुमारे एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो, आणि बाटलीबंद बिअरमध्ये एरवी तो असतो सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे ०.००५ एवढी घाई झाली तरी वायूचे प्रमाण दुपटीवर जाऊन काच फुटण्याचा धोका संभवतो. ब्रिटनसारख्या ज्या देशांत घरगुती बिअरला कायद्याची मुभा आहे, तेथील मराठी वाचकांनी नोंदी जुळेपर्यंत बाटल्यांना बुचे मारू नयेत, आणि भरलेल्या बाटल्या मुलांच्या वावरापासून दूर, बंद पेटीत ठेवाव्यात.