व्हायरस गेला, जुने विनरार मात्र राहिले

घरच्या संगणकावर अँटिव्हायरसचा इशारा झळकला की बहुतेक जण 'डिलीट' किंवा 'क्वारंटाइन'चे बटण दाबून मोकळे होतात. सापडलेली फाइल नाहीशी होते आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. ती फाइल शिरली कोणत्या वाटेने, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. पुष्कळदा ही वाट वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या एखाद्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून जाते. विनरार हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

अनेक फायली दाबून त्यांचे एकच गाठोडे बांधणारे आणि ते पुन्हा सोडणारे हे सॉफ्टवेअर. संगणक जुळवून देणारा दुकानदार अनेकदा तेही टाकून देतो. चाचणीची ४० दिवसांची मुदत उलटल्यावरही ते चालूच राहते. फक्त खरेदीची आठवण करून देणारी चौकट उघडते. ती मिटवण्याची हाताला इतकी सवय होते की आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे, हे कोणी पाहतच नाही. ब्राउझरप्रमाणे विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. नवी आवृत्ती वापरणाऱ्यालाच डाऊनलोड करून घ्यावी लागते.

याचे परिणाम फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झाले. चेक पॉइंट या संगणक सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना विनरारमध्ये तब्बल १९ वर्षे दडून राहिलेला दोष सापडला. गाठोडे कोणत्या फोल्डरमध्ये सोडायचे, हे एरवी वापरणारा ठरवतो. खास रचलेले गाठोडे मात्र ही निवड डावलून आतली फाइल विंडोजच्या 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये नेऊन ठेवू शकत असे. या फोल्डरमध्ये जे असते ते वापरणाऱ्याने लॉग-इन करताच आपोआप चालू होते. त्यामुळे गाठोडे उघडले त्या वेळी काहीच घडत नाही. पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर मालवेअर कामाला लागते आणि दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. दोष 'एस' या जुन्या प्रकारची गाठोडी उघडणाऱ्या, बाहेरून घेतलेल्या घटकात होता. त्याचा मूळ कोड विनरारच्या निर्मात्यांकडेही नव्हता. अखेर ५.७० या आवृत्तीत त्यांनी त्या प्रकाराला रजाच दिली.

पुढे २०२३ मध्ये दुसरा दोष निघाला. त्याचा गैरफायदा एप्रिलपासूनच घेतला जात होता. शेअर व चलनबाजारात व्यवहार करणारे लोक त्याचे लक्ष्य होते. ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्तीने तो दुरुस्त केला, तरी ऑक्टोबरमध्येही हल्लेखोर तोच दोष वापरत असल्याचे गुगलच्या तज्ज्ञांनी नोंदवले. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती अनेक संगणकांपर्यंत पोहोचली नव्हती. जुलै २०२५ मध्ये नोकरीच्या अर्जांच्या रूपात गाठोडी पाठवून जवळपास २०१९ चीच युक्ती पुन्हा खेळली गेली. हा दोष ७.१३ या आवृत्तीत बुजवण्यात आला.

मालवेअर सापडल्यावर ते कोठे सापडले, हे आधी वाचावे. 'डाऊनलोड्स'मधील न उघडलेल्या गाठोड्यात असेल, तर ते बहुधा चालू झालेले नसते. 'स्टार्टअप' किंवा 'टेम्प' फोल्डरमध्ये असेल, तर ते चालून गेले असे धरूनच पुढचे पाऊल टाकावे. इंटरनेट तोडावे. मग 'विंडोज सिक्युरिटी'मधील डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी. विंडोज सुरू होण्यापूर्वीच ती होत असल्याने दडून बसलेले मालवेअरही हाती लागण्याची शक्यता वाढते. संगणक स्वच्छ करण्याची मोफत साधने सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही आहेत.

यानंतरचे काम अँटिव्हायरस करत नाही. विनरारच्या 'हेल्प' मेनूत 'अबाउट' उघडून आवृत्ती पाहावी. ती ७.१३ पूर्वीची असेल, तर मूळ संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती घ्यावी किंवा विनरार काढूनच टाकावे. अद्ययावत विंडोज ११ रार फायली स्वतःच उघडते. सेव्हन-झिप हा मोफत पर्याय चांगला असला, तरी तोही आपणहून अद्ययावत होत नाही, हे विसरू नये. 'क्रॅक' केलेल्या प्रतींच्या वाटेला मुळीच जाऊ नये. अनेकदा मालवेअर त्यांतूनच येते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने अशा संगणकावर केवळ विनरार सुधारून भागणार नाही.

मालवेअर चालून गेल्याची शंका असेल, तर ईमेल व बँकेचे पासवर्ड बदलावेत, पण त्याच संगणकावरून नव्हे. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणे हाच आजच्या बऱ्याच मालवेअरचा धंदा आहे. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून लॉग-आउटही करावे, कारण चोरलेल्या लॉग-इनच्या खुणा पासवर्डविनाही चालू शकतात. काढलेले मालवेअर पुन्हा उगवले, तर छायाचित्रे व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घेऊन विंडोज नव्याने टाकणे उत्तम. खात्यातून पैसे गेले असतील, तर तपासण्या बाजूला ठेवून आधी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.