सायकलीची सीट : रुळण्यापासून निवडीपर्यंत

नवी रोड बाइक विकत घेणाऱ्यास पहिल्या दोनतीन आठवड्यांतच एक प्रश्न भेडसावू लागतो. चौकट, चाके, गिअर या साऱ्यांविषयी त्याचे समाधान झालेले असते. परंतु तास-दीड तासाच्या रपेटीनंतर सीट असह्य होते. तो पुन्हा दुकानात जातो. तेथे एकाच कंपनीच्या सीटी तीन-तीन रुंद्यांत मांडलेल्या असतात. काहींच्या मध्यभागी खाच, काहींची चोच आखूड, काही जाड गादीच्या तर काही जवळजवळ उघड्या कवचाच्या. यांपैकी कोणती घ्यावी हा प्रश्न वरकरणी केवळ गिऱ्हाइकाचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. कारण १८८० नंतरची सुमारे ८० वर्षे सायकलस्वारापुढे तो या स्वरूपात उभाच नव्हता. त्या काळी सीट निवडली जात नसे. ती रुळवली जात असे. निवडीची ही अडचण कशातून निर्माण झाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रारंभी शब्दाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. इंग्रजीत घोड्याच्या व सायकलीच्या बैठकीस ‘सॅडल’ हा एकच शब्द आहे. जर्मन ‘झाटल’, फ्रेंच ‘सेल’ व इटालियन ‘सेल्ला’ हे शब्दही दोहोंकडे चालतात. लॅटिन ‘सेल्ला’ हा संस्कृत ‘सद्’ धातूच्या गोतातला. परिषद्, संसद् व सदन ही आपल्याकडील त्याची भावंडे. जर्मानिक शब्दही त्याच मूळ धातूपासून आला असे सामान्यतः मानतात. तथापि ग्रिमच्या नियमाप्रमाणे तेथे द-काराचा त-कार व्हावयास हवा होता. ‘सिट’ या क्रियापदात तो झाला आहे, ‘सॅडल’मध्ये झालेला नाही; त्यामुळे हा शब्द दुसऱ्या एखाद्या भाषेतून उसना आला असावा, अशी शंका घेतली गेली आहे.

मराठीने मात्र घोड्याचा एकही शब्द सायकलीस दिला नाही. आपल्याकडे संस्कृत ‘पर्याण’पासून आलेले पालाण होते, फारसीतून आलेले जीन होते आणि खोगीरही होते. फारसीत खोगीर म्हणजे घाम टिपून घेणारा, अर्थात् जिनाखालचा नमदा. तरी सायकलीला लागली ती ‘सीट’च. माझ्या मते याचे कारण असे की, युरोपात सायकलीची बैठक खोगीर करणाऱ्या कारागिरांच्या हातून घडली, तर आपल्याकडे सायकल आली ती सीटेसकट तयार यंत्र म्हणून. चर्मकाराच्या दुकानाशी तिचा संबंध आला तो फार तर दुरुस्तीपुरता. खोगिराचा एक वारसा मात्र मराठीत आहे आणि तो या विषयास चांगलाच लागू पडतो. तो म्हणजे ‘खोगीरभरती’ हा शब्द. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

कार्ल फॉन ड्रेस याने १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे आपले दुचाकी धावयंत्र चालवून दाखविले. त्यास पॅडल नव्हते. स्वार गादीच्या बैठकीवर दोन्ही बाजूंस पाय सोडून बसे आणि जमिनीस रेटा देत पुढे जाई. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पॅडलयुक्त यंत्रे बाहेर पडू लागली. इंग्रजांनी त्यांस हाडे खिळखिळी करणारे यंत्र असे नाव दिले, यावरून त्यांच्या सुखावहतेची कल्पना येईल. त्यांची बैठक पोलादाच्या एका लांब कमानीवर बसविलेली असे. चाके लाकडी, धाव लोखंडी, रस्ते फरसबंदीचे. म्हणून धक्के शोषण्याचे सर्व काम त्या कमानीवर पडे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल आली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर सिद्ध केला. या दुसऱ्या घटनेचे महत्त्व सीटेच्या इतिहासात विशेष आहे. धक्के शोषण्याचे निम्मेअधिक काम टायरने उचलल्यामुळे शर्यतीच्या सीटेखालील स्प्रिंगा अनावश्यक ठरल्या. सीटेपुढे मुख्य कार्य उरले ते शरीराचा भार योग्य जागी पेलण्याचे.

हे कार्य चामड्याने कसे पार पाडले हे जरा सविस्तर पाहणे इष्ट आहे. बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रूक्स याने १८६६ साली घोड्यांचा सरंजाम व चामड्याच्या वस्तू करण्याचा व्यवसाय सुरू केला. कंपनीच्या परंपरागत कथेनुसार १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, कामावर जाण्यासाठी त्याने सायकल उसनी घेतली आणि तिच्या बैठकीने त्याचे फार हाल केले. १८८२ मध्ये त्याने सीटेचे पहिले पेटंट नोंदविले. कथेतील घोड्याचे काय असेल ते असो; खोगीर करणारा माणूस सायकलीकडे वळला, ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र त्याच्या परंपरेतून जी सीट उत्क्रांत झाली ती खोगिराची नक्कल नव्हती. घोडेस्वाराचा भार मांड्या व रिकिबी वाटून घेतात; सायकलस्वाराचे पाय सतत फिरत असल्यामुळे मांड्यांस अडथळा होईल असे रुंद काही पुढे चालत नाही. म्हणून पुढे निमुळती चोच व मागे रुंदी असा आकार ठरला. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढील व मागील धातूच्या पट्ट्यांस रिव्हेट मारून ताणून बसवावयाचा आणि खाली आधार म्हणून काहीच ठेवावयाचे नाही, अशी ही रचना आहे. तिला सीट म्हणण्यापेक्षा ताणलेली झोळी म्हणणे अधिक यथार्थ होईल. गादीचा तिच्यात लवलेशही नसतो.

नवी असताना अशी सीट लाकडासारखी कठीण लागते. परंतु शरीराची उष्णता, घाम व भार यांच्या योगे काही शे किलोमीटरनंतर चामडे नेमक्या दोन ठिकाणी खोलगट होते आणि ती दोन ठिकाणे त्या स्वाराच्या हाडांचीच असतात. चामडे सैल पडल्यास चोचीखालील बोल्ट फिरवून ताण पूर्ववत् करता येतो. भिजलेल्या सीटेवर बसल्यास मात्र ती वेडीवाकडी ताणली जाऊन कायमची बिघडते. कोल्हापुरी वहाण पायास रुळते, त्याच जातीची ही प्रक्रिया होय. ‘अंगवळणी पडणे’ हा आपला वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरतो. फरक इतकाच की, वळण अंगास नव्हे, तर वस्तूस पडते. कारखानदार अर्धवट घडलेली वस्तू विकत असे व उरलेले अर्धे काम गिऱ्हाइकाचे शरीर पूर्ण करीत असे. त्यामुळे एकाच नमुन्याची सीट अनेक प्रकारच्या देहांस पुरेशी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत आलेली ब्रूक्सची ‘बी १७’ ही सीट आजही विकली जाते, याचे रहस्य यातच आहे.

अनेक देहांस म्हटले तरी सर्वांस नव्हे. श्रोणीच्या तळाशी दोन बाजूंस आसनास्थी असतात. ताठ बसले असता भार त्यांच्या मागील उंचवट्यांवर येतो. स्वार पुढे वाकला की श्रोणी पुढे कलते आणि टेकण्याची जागा जघनास्थीकडे सरकते. ही हाडे पुढे पुढे परस्परांच्या जवळ येत जातात. म्हणून ताठ बसणाऱ्यास रुंद सीट लागते व वाकणाऱ्यास अरुंद. आपल्याकडील हर्क्युलिस, ॲटलास, हीरो या काळ्या उंच सायकलींची सीट रुंद व वेटोळ्या स्प्रिंगांची होती ती याच कारणाने. टी. आय. सायकल्सचा मद्रासचा कारखाना १९४९ चा, ॲटलास १९५१ ची, हीरो सायकल्स १९५६ ची. म्हणजे दोनतीन पिढ्यांच्या मनात ‘चांगली सीट’ या शब्दांबरोबर तीच आकृती उभी राहते. त्या पिढ्यांचा वारस आज रोड बाइकवर बसतो तेव्हा तो आपली जुनी कल्पना नव्या बसण्यावर लादू पाहतो आणि सीटेवर स्पंजाचे कव्हर चढवितो.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आरंभापासून अधिक बिकट होता. १८९० नंतर सायकलीचा प्रसार स्त्रियांत झाला. तेव्हा सीटेचा विचार होऊ लागला तो बव्हंशी भीतीपोटी. न्यूयॉर्ककडील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट लाटू डिकिन्सन यांनी १८९५ मध्ये या विषयावर लिहिले. सायकल स्त्रियांच्या आरोग्यास हितकर आहे असा त्यांचा कौल होता. परंतु सीटेच्या चोचीचा संपर्क नैतिकदृष्ट्या घातक ठरेल, ही चिंताही त्या लेखनात ठळकपणे दिसते. याच सुमारास अमेरिकेत स्पॉल्डिंग कंपनीने ‘क्रिस्टी’ नावाची सीट विकावयास काढली. तिच्या जाहिरातींत श्रोणीच्या हाडांचे चित्र काढून ती दोन स्वतंत्र गाद्यांवर कशी टेकतात हे दाखविलेले असे. त्या जाहिराती आज पाहताना आश्चर्य वाटते, कारण भार हाडांवर पडावा आणि मधल्या मृदू भागावर पडू नये हे आधुनिक तत्त्व तेथे स्पष्टपणे मांडलेले आहे. चर्चा नीतीभोवती फिरत राहिली नसती, तर या सूत्राचा धागा पुढील शतकात तुटता ना, असे मला वाटते. विसाव्या शतकात शर्यतीची सीट घडली ती मुख्यतः पुरुष स्पर्धकांच्या शरीरावर, आणि इतरांनी तिच्याशी जुळवून घ्यावे, हे गृहीतच धरले गेले.

१९६० नंतरच्या दशकात चामड्याची सत्ता ओसरू लागली. १९४३ ची मिलान–सान रेमो शर्यत जिंकलेला इटालियन स्पर्धक चिनो चिनेल्ली पुढे कारखानदार झाला. त्याच्या नावाशी निगडित असलेली ‘युनिकॅनिटर’ ही प्लॅस्टिकच्या कवचाची सीट या बदलाची खूण मानतात. प्लॅस्टिक हलके होते, पावसात बिघडत नव्हते, त्यास तेलपाणी लागत नव्हते आणि साच्यातून ते हजारोंनी काढता येत होते. पण ते रुळत नव्हते. पहिल्या दिवशी जो आकार, तोच हजाराव्या दिवशी. जे काम पूर्वी स्वाराचे शरीर महिनोन्महिने करीत असे ते आता खरेदीच्या क्षणीच पुरे व्हावयास हवे होते, आणि ते करण्यास लागणारे ज्ञान ना दुकानदारापाशी होते, ना गिऱ्हाइकापाशी. निवडीचा प्रश्न जन्मास आला तो येथे.

त्याचे पहिले उत्तर गादी हे होते. कवचावर स्पंज व पुढे जेलचा थर घालण्यात आला. गिऱ्हाईक दुकानात सीट अंगठ्याने दाबून पाहते आणि मऊ लागली की खूष होते. परंतु अंगठा व आसनास्थी यांत फार अंतर आहे. मऊ थरात हाडे खोल रुततात आणि दाबला गेलेला माल मध्यभागी वर उचलला जाऊन, जेथे भार नको नेमक्या त्याच मृदू भागावर रेटा देतो. तेथून जाणाऱ्या मज्जातंतू व रक्तवाहिन्या दबतात आणि बधिरता येते. खोगीरभरती या शब्दाचा मूळ अर्थ खोगिरात कोंबलेल्या चिंध्या, व लाक्षणिक अर्थ निरुपयोगी भर. सीटेच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

या बधिरतेस जाहीर वाचा फुटली ती १९९७ मध्ये. बोस्टन येथील मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी पुरुषांच्या लैंगिक आरोग्यास सीटेपासून पोहोचणाऱ्या धोक्याविषयी दिलेला इशारा एका अमेरिकन सायकल-मासिकात प्रसिद्ध झाला व मोठी खळबळ उडाली. मधोमध खाच असलेल्या सीटी त्यानंतर झपाट्याने पसरल्या. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्यसंस्थेने सायकलीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधात ९० पोलिसांनी सहा महिने बिनचोचीच्या सीटी वापरल्याचे निष्कर्ष आहेत. मृदू भागावरील दाब ६६ टक्क्यांनी घटला, आणि बधिरता मुळीच न जाणवणाऱ्यांचे प्रमाण २७ वरून ८२ टक्क्यांवर गेले. उलटपक्षी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय पाहणीत सायकलस्वारांचे लैंगिक आरोग्य पोहणाऱ्यांच्या वा धावणाऱ्यांच्या मानाने वाईट आढळले नाही. बधिरता मात्र अधिक आढळली, आणि अधूनमधून पॅडलवर उभे राहणाऱ्यांत ती कमी होती. तेव्हा १९९७ ची घबराट अतिरंजित होती असे म्हणता येईल. बधिरता ही दुर्लक्षिण्याजोगी बाब आहे, असे म्हणता येणार नाही.

आज रोड बाइकसाठी सीट घेणाऱ्याने या इतिहासातून काय उचलावे? प्रथम आपल्या हाडांतील अंतर. कठीण बाकावर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसावे आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजावे. त्यात दोनतीन सेंटिमीटर मिळविले की सीटेच्या रुंदीचा अदमास येतो. अनेक सीटी १४३ व १५५ मिलिमीटर अशा ठरीव रुंद्यांत मिळतात त्या याच हिशेबाने. हे अंतर स्त्रियांत सरासरीने अधिक असले तरी व्यक्तिव्यक्तींतील फरक त्याहून मोठा आहे. म्हणून वेष्टनावरील ‘स्त्रियांसाठी’ वा ‘पुरुषांसाठी’ या शिक्क्यापेक्षा आपल्या मापावर विसंबणे श्रेयस्कर. दुसरे, आपण किती वाकून बसतो ते. हँडलचे खालचे टोक धरून तासन् तास जाणाऱ्यास मधली खाच व आखूड चोच मानवते. वरच्या दांडीवर हात ठेवून रमत जाणाऱ्यास थोडी रुंद सीट लागते. स्पर्धकांवर आणखी एक बंधन आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमांनुसार सीटेची लांबी २४ ते ३० सेंटिमीटर असावी लागते, त्यामुळे बिनचोचीच्या सीटेस तेथे वाव नाही.

सीट बदलण्यापूर्वी ती कशी बसविली आहे हेही तपासावे. फार उंच सीटेवर प्रत्येक पॅडलागणिक कंबर डावी-उजवीकडे झुलते व त्वचा घासली जाते. चोच फार खाली झुकविल्यास स्वार पुढे घसरतो आणि भार तळहातांवर येतो. फार वर असल्यास बधिरता वाढते. प्रथम ती समपातळीत ठेवून नंतर अंशा-दोन अंशांचा फरक करीत जावे. आणि प्लॅस्टिकची सीट रुळत नसली तरी शरीर काही अंशी रुळतेच. पहिल्या दोन आठवड्यांतील हाडांखालचे दुखणे पुष्कळदा आपोआप ओसरते, म्हणून तेवढ्यावरून सीट टाकून देऊ नये. मध्यभागी येणारी बधिरता मात्र सवयीने जाणारी नव्हे; ती आल्यास सीट बदलावी.