काचपात्रातील लाट

प्रवाळ हा एका जागी जखडलेला जीव आहे. अन्नाच्या शोधार्थ त्याला हिंडता येत नाही, की पाणी दूषित झाले तर बाजूला सरकता येत नाही. जे यावयाचे ते पाण्यानेच आणले पाहिजे आणि जे जावयाचे तेही पाण्यानेच वाहून नेले पाहिजे. म्हणूनच घरातील काचपात्रात प्रवाळ जगवू पाहणाऱ्यांपुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एकच प्रश्न उभा आहे : पाणी हलवावयाचे किती आणि कसे?

या इतिहासाचा आरंभ एका गृहिणीने केला. लंडनच्या ॲना थिन या १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या असता त्यांना जिवंत प्रवाळ मिळाले. हे प्रवाळ थंड समुद्रातले, एकेकटे राहणारे होते. वाटेत ते आपटू नयेत म्हणून बाईंनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून घरी आणले. लंडनला समुद्र नाही. तेव्हा तेच पाणी पुनःपुन्हा वापरणे भाग होते. ते ताजे करण्यासाठी घरातील एक लहानशी मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. आपल्याकडे गरम दूध निववितात तसे. मोलकरणीला या कामाची मौज वाटे, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. अर्थात ही साक्ष मालकिणीची आहे, मोलकरणीची नव्हे. पुढे १८४७ मध्ये बाईंनी पात्रात समुद्रवनस्पती घातल्या, आणि प्राणवायूचा काही भार वनस्पतींनी उचलला.

मोलकरणीच्या हातांची जागा लवकरच वाफेच्या यंत्राने घेतली. १८७१ साली उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी खाली मोठा अंधारा हौद बांधून त्यातील पाणी अहोरात्र वर खेळते ठेवले. त्यानंतर, १९६१ मध्ये जाकार्ताचे ली चिन एंग यांनी अगदी साधी रीत प्रसिद्ध केली : समुद्रातील सजीव खडक टाकीत ठेवावेत आणि हवेचे बुडबुडे सोडावेत. (भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, मालवणच्या वा अंदमानच्या समुद्रातून ते उचलून आणणे हा गुन्हा आहे.)

परंतु प्राणवायू पुरविला म्हणजे काम भागले, ही समजूत अपुरी होती. उष्ण समुद्रातील खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. दिवसा ती इतका प्राणवायू निर्माण करतात की त्याचा अतिरेकच बाधतो. रात्री उलट त्याची टंचाई होते. प्रवाळाच्या कातडीला लगटून स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो, आणि सारी देवघेव त्या थरातून होते. प्रवाह वाढला की हा थर आणखी पातळ होतो व देवघेव सुलभ होते. मात्र एकाच दिशेचा जोरदार झोत सतत लागला तर समोरची बाजू सोलून निघते आणि आडोशाच्या बाजूस गाळ साचतो. खऱ्या खडकावर पाणी येते आणि जाते. तेथे झोत नसतो, हेलकावा असतो.

हा भेद ओळखून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये तेथील संग्रहालयात कृत्रिम लाटांचे प्रवाळपात्र उभारले. होनोलुलूच्या वाइकीकी मत्स्यालयातील ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती तर याहून सोपी. उंचावरील टाकी पंपाने संथपणे भरावयाची. पाणी वाकड्या नळीच्या माथ्यावर चढले की वक्रनलिका सुरू होऊन सारे पाणी एकदम खाली कोसळते, टाकी रिकामी होते आणि पुन्हा भरू लागते. हलणारा भाग पंपाखेरीज एकही नाही. घरोघरच्या हौशी लोकांनाही हे जमण्यासारखे होते.

सर्व प्रवाळांना सरसकट लागू पडेल असे प्रवाहाचे प्रमाण मात्र सापडले नाही. फांद्यांच्या ॲक्रोपोरा जातीस खळबळ मानवते; मांसल, फुगीर प्रवाळांचे अंग तशा पाण्यात सांगाड्याच्या धारेवर घासून फाटते. एकाच जातीची फांदी शांत खाडीत सडपातळ, तर लाटांच्या माऱ्यात आखूड आणि जाड होते.

१९९८ मध्ये समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा या प्रश्नाला वेगळेच महत्त्व आले. जपानच्या ओकिनावा बेटांवरील अभ्यासातून असे दिसले की, वाहत्या पाण्यातील प्रवाळ संथ पाण्यातील प्रवाळांपेक्षा त्या तापातून अधिक संख्येने वाचले.