शून्य मैलाचे घोडे

नागपुरास विधानभवनाजवळ रस्त्याच्या कडेला वालुकाश्माचा एक स्तंभ आहे आणि त्याच्या सोबतीला चुनेगच्चीचे चार घोडे आहेत. हें काय म्हणून एखाद्या वाटसरूस विचारावें, तर तो अभिमानानें सांगतो कीं, हा हिंदुस्थानचा मध्यबिंदु. इंग्रजांनीं देशांतील सर्व अंतरें येथूनच मोजलीं. शून्य मैल हें नांव इतकें रुळलें आहे कीं, २०२१ सालीं येथें मेट्रोचें स्थानक उघडलें, तेव्हां त्यासही तेंच मिळालें.

स्तंभाजवळचा दगड मात्र निराळी साक्ष देतो. तो महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा दगड असून त्याचें मुख्य काम अंतर सांगण्याचें नव्हे, उंची सांगण्याचें आहे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट! फुटाच्या सहस्रांशापर्यंतचा हा हिशेब उगाच केलेला नाहीं. १८५८ पासून मोजणीखात्यानें देशभर उंचीच्या रेषा चालविल्या, नऊ बंदरांतील भरतीओहोटीवरून समुद्राची सरासरी पातळी ठरविली, आणि हें पहिलें जाळें १९०९ मध्यें पुरें केलें. त्या कामीं मोठमोठ्या शहरांतून असे पक्के दगड बसविले गेले. नागपूरचा त्यांपैकीं एक. दगडावर कांहीं गांवांचीं अंतरें आहेत हें खरें, पण तीं कोणत्या मैलाच्या दगडावर नसतात?

शिवाय १९०७ चें इंग्रजी राज्य बलुचिस्तानापासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेलें होतें. त्याचा मध्य नागपुरास आणावयाचा तर नकाशा बराच ओढावा लागेल. आजच्या भारताचा मध्य म्हणून तर कटनी जिल्ह्यांतील करौंदी गांव दाखवितात.

मग ही समजूत आली कोठून? माझ्या मतें ती घोड्यांनीं आणली. भूमापनशास्त्रांत घोड्यास कांहीं स्थान नाहीं; पण उंचीचा आंकडा कोणाच्या ध्यानांत राहतो? चार घोडे पाहिले कीं मनास चार दिशा सुचतात, आणि चार दिशा म्हटल्या कीं मध्य आलाच.

या मोजणीचा खरा कर्ता आमच्या वर्धा जिल्ह्यांत निजला आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक. विल्यम लॅम्बटननें १८०२ च्या एप्रिलांत मद्रासेजवळ सेंट थॉमस माउंटपाशीं पायारेषा मोजण्यास आरंभ केला. अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र बरोबर वागवीत वीस वर्षें तो उत्तरेकडे सरकत राहिला. पुढें हैदराबादेहून नागपुराकडे तळ हलवीत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाटास त्याचा अंत झाला आणि अपुरें काम एव्हरेस्टच्या हातीं आलें. लॅम्बटनचें थडगें हिंगणघाटासच आहे. बोरगांव मेघेहून नागपूर जितकें लांब, त्याच्या सुमारें निम्म्यावर हिंगणघाट. पण येथून मुलांना हौसेनें नेतात तें घोडे दाखवावयास.